पाणी पिऊन उडणारी

आमच्या घरात कुठलीही गोष्ट गुपचूप बोलायची असली, की आम्ही ती मोठ्याने मराठीत बोलतो. लग्नानंतर चेन्नईजवळच्या आवडी गावात राहायला आले तेव्हापासूनची ही सोय. भाजीवाल्याच्या तोंडावर 'भेंडी जून आहे, पुढे चल' म्हणता येतं. लोकलमध्ये समोरच्या बाईच्या साडीवर तिच्यादेखतच मत देता येतं. पाहुणे उठायचं नाव घेत नसले तर हसऱ्या चेहऱ्याने नवऱ्याला विचारता येतं, 'यांना आता जेवायलाच घालायचं का?' नवरा इथल्या संरक्षण खात्याच्या कारखान्यात आहे आणि मी वसाहतीजवळच्या शाळेत हिंदी शिकवते. शाळेत तमिळ, तेलुगू, मल्याळम सगळं कानावर पडतं. मराठी मात्र दोघींचीच, माझी आणि माझ्या लेकीची, कारण तीही त्याच शाळेत शिकते.

चेन्नईच्या मैलापुरात तंजावरकडची मराठी माणसं आहेत, हे मला ठाऊक होतं. हळदीकुंकवाला त्यांच्यातल्या काही बायका भेटल्याही होत्या. पण त्या माझ्या आईच्या वयाच्या. आणि 'आमचीं नातवंडें तमिळच बोलतात हो' असं त्यांनीच हळहळत सांगितलेलं. तेव्हा आपलं गुपित शाबूत आहे, अशी माझी पक्की खात्री होती.

त्या वर्षी लेक अकरावीत गेली. शाखेला इकडे ग्रुप म्हणतात. तिने मॅथ्स-फिजिक्सचा ग्रुप घेतला तेव्हा घरात कुणालाच नवल वाटलं नाही. ही मुलगी सातवीत असताना मिक्सर उघडून बसली होती, आणि तो परत चालूही झाला होता. विमानाचं इंजिनियरिंग करायचं, असं ती नववीपासून सांगत आलेली. आणि जुलै संपत आला तशी एका संध्याकाळी ती अचानक म्हणाली, "आई, मी कॉमर्सला जाते. ग्रुप बदलायचा अर्ज शनिवारपर्यंत द्यायचाय. बाबांची सही लागेल."

कॉमर्स वाईट आहे असं माझं मुळीच म्हणणं नाही. माझा भाऊ कॉमर्सचाच आहे आणि आमच्या सगळ्यांपेक्षा सुखात आहे. पण आवडीने एखादी गोष्ट मागणारं माणूस ती मागताना रडत नाही. ही रडत होती. मी विचारलं, सर ओरडले का? नाही. मुलं काही बोलतात का? नाही. मार्क कमी पडले? तर पहिल्या चाचणीत वर्गात पहिली. मग काय? "मला नाही झेपत," एवढं एकच पालुपद. मी प्रेमाने विचारून पाहिलं, रागावून पाहिलं, गोडाधोडाची लाच देऊन पाहिलं. अळीमिळी गुपचिळी. नवरा म्हणाला, "जाऊ दे गं, तिला नको असेल तर नको." मी त्याच्यावरही ओरडले. माझा आवाज तसा खालच्या मजल्यावर जातो.

ती हल्ली शाळेतून आली की डोकं धरून पडायची, ते मला दिसत होतं. चेहरा सुकलेला, ओठ कोरडे. मोबाइल बघत बसते म्हणून मी बोलत होते. चेन्नईचं ऊनही काही कमी नाही. या दोन गोष्टींवर ढकललं की आईचं काम सोपं होतं.

त्याच आठवड्यात शाळेत पायलट बाई यायच्या होत्या. बाई कसली, पंचविशीही न ओलांडलेली मुलगी. छोट्या दोन सीटच्या विमानातून देशाच्या किनाऱ्याकिनाऱ्याने एकटीने उडत गेलेली पहिली मुलगी, म्हणून वर्तमानपत्रांत तिचे फोटो आले होते. आता ती शाळाशाळांत जाऊन मुलांना, विशेषतः मुलींना, विज्ञान शिका म्हणून सांगत फिरते. आमच्या शाळेत समारंभ आला की तो भाषेच्या शिक्षकांच्या गळ्यात पडतो, कारण गणित-सायन्सवाल्यांचा 'पोर्शन' कधीच संपलेला नसतो. त्यामुळे सगळी व्यवस्था माझ्याकडे. पाहुणीला पोन्नाडै पांघरायची होती. पोन्नाडै म्हणजे जरीची शाल, त्याशिवाय इथे कुणाचा सत्कार झाला असं कुणी मानत नाही. शालीचं तबक धरायला मी लेकीला घेतलं. मनात म्हटलं, विमानवाली मुलगी इतक्या जवळून बघेल तर डोक्यातलं कॉमर्स उतरेल.

प्रिन्सिपॉल मॅडमच्या खोलीत पाहुणी बसली होती. साधा कुर्ता, पायात कॅनव्हासचे बूट, केस मानेवर घट्ट बांधलेले. मॅडम तिच्याशी तमिळमध्ये बोलत होत्या आणि ती डबऱ्यात, म्हणजे इथल्या पेल्याखालच्या पसरट वाटीत, कॉफी ओतून गार करत होती. मी आणि लेक दाराशी तबक घेऊन उभ्या. हॉलमध्ये मुलं बसली, असा निरोप आला. आता निघायचं, तेवढ्यात लेक माझ्या कानाशी आली. "आई, मी पटकन बाथरूमला जाऊन येते."

"आत्ता?" मी म्हटलं. अर्थात मराठीत, आणि तोंडावर हसू ठेवून. "सगळे उभे राहिलेत. लहान आहेस का तू? जरा आवर की थोडा वेळ."

आणि तिचा बांध फुटला. तोही मराठीत, म्हणजे बिनधास्त. तबक हातात, चेहरा समारंभाचा, आणि आवाज थरथरतोय. "सकाळपासून आवरतेच आहे मी! रोज आवरते. लॅबमध्ये डबल पीरियड असतो, सर कडी लावून घेतात, कुणाला सोडत नाहीत. सुट्टीत बाथरूमला ही एवढी लाइन. त्या दिवशी फिजिक्सला माझं सगळं लक्ष तेवढ्यातच होतं, थोडं झालंही कपड्यात. मी मग पाणी प्यायचंच बंद केलं. कॉमर्सला लॅब नसते, कळलं? झालं समाधान?"

मी काय काय कल्पना केल्या होत्या! मास्तर, मुलं, मार्क, प्रेमप्रकरणसुद्धा. आणि हे होतं. पोरगी एवढी हुशार, विमान बांधायचं म्हणते, आणि तिची वाट अडली कशावरून, तर शाळेतल्या बाथरूमवरून. मी तिच्या हातातलं तबक तेवढं घेतलं.

तेवढ्यात पाहुणीने कॉफीचा डबरा खाली ठेवला आणि मॅडमना इंग्रजीत म्हणाली, "भाषणाआधी मला रेस्टरूमला जायचंय. लांबून आलेय ना." मॅडम एकदम उठल्या. स्टाफच्या बाथरूमची किल्ली शोधायला धावपळ झाली. "ही मुलगी दाखवेल मला," म्हणत तिने लेकीच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघी गेल्या. हॉलमध्ये मुलं वाट बघतायत, मॅडम घड्याळ बघतायत, आणि मी जरीची शाल घेऊन उभी. देवासारखी वेळेवर उठली ही मुलगी, असं मला वाटलं. यापलीकडे मला काही संशय आला नाही.

दोघी परत आल्या तेव्हा लेकीचा चेहरा काहीतरी वेगळाच होता. रडून झाल्यावर येतो तसा हलका. मी खुणेने विचारलं, तिने मान हलवली.

शाल झाली, गुच्छ झाला, पाहुणी माइकपाशी गेली. तिचं बोलणं अर्धं तमिळ, अर्धं इंग्रजी. विमानाचा फोटो दाखवला, किनाऱ्याचा दाखवला, मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग ती म्हणाली, "आता वर्तमानपत्रात न आलेलं सांगते. या विमानात बाथरूम नाही. आणि मी पाच-पाच तास उडत होते."

हॉलमध्ये आधी शांतता, मग मागच्या बाकांवरून फुसफुस, मग हसण्याचा असा लोट आला की मॅडमनी पाण्याचा ग्लास उचलून तोंडाला लावला. पाहुणी हसणं संपायची वाट बघत उभी राहिली. लाजली नाही.

"मीसुद्धा आधी हसण्यावारी नेलं," ती म्हणाली. "शिकत होते तेव्हा उडायच्या दिवशी सकाळपासून पाणी पीत नव्हते. सगळे पायलट पुरुष, विचारणार कुणाला? एका दुपारी डोकं भणभणायला लागलं. टॉवरने दिशेचा आकडा सांगितला, मी तो परत म्हणून दाखवताना दुसराच म्हटला. त्यांनी सुधारला म्हणून बरं. उतरले तर पाय लटपटत होते, दवाखान्यात सलाइन लावलं. माझे इन्स्ट्रक्टर ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, इंजिनात तेल नसतं तर उडाली असतीस का? मग अंगात पाणी नसताना कशी उडालीस?"

आता कुणी हसत नव्हतं. माझ्या शेजारी अकरावीच्या मुलींची रांग होती. त्या सगळ्या एकाच वेळी खाली बघायला लागल्या. एक नाही, दोन नाही, रांगच्या रांग. तेव्हा मला कळलं, की माझी लेक एकटी नाही.

पाहुणीने पिशवीतून एक कागदी कप काढला, त्यात चमचाभर पांढरी पूड टाकली आणि समोरच्या बाटलीतलं पाणी त्यात ओतलं. पाच-सहा वेळा ढवळलं. आणि कप स्वतःच्या डोक्यावर उलटा धरला. मुली किंचाळल्या. एक थेंब पडला नाही. पाण्याचा गोळा झाला होता, साबुदाण्याच्या खिरीसारखा, कपाला चिकटून बसलेला. "लहान बाळांच्या डायपरमध्ये असते ना, तीच पूड," ती म्हणाली. "पुरुष पायलटांना बाटली चालते. आमच्यासाठी कुणी विचारच केला नव्हता. मग मी आणि माझ्या मैत्रिणीने बसून पिशवी केली. बसल्या जागी वापरता आली पाहिजे, सांडली नाही पाहिजे, विमान हललं तरी. यात केमिस्ट्री आहे, दाब आहे, गुरुत्वाकर्षण आहे. लाज बाजूला ठेवली की उरतं ते सगळं सायन्सच आहे. असे खूप प्रश्न पडून आहेत. तुम्ही नाही शिकलात तर ते तसेच राहणार."

केमिस्ट्रीच्या मॅडम पहिल्या रांगेत उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. फिजिक्सचे सर हाताची घडी घालून बसले होते. आता हे सर काही दुष्ट नाहीत. पूर्वी एकदा कुणी मुलगा सर्किट जोडून बाहेर गेला, वायर तापली आणि टेबल जळलं, तेव्हापासून त्यांनी लॅबला कडी लावायला सुरुवात केली. शिस्त म्हणजे शिस्त. पण ते त्या दिवशी टाळ्या न वाजवता नुसते समोर बघत होते, हे मी पाहिलं.

"आणि आया," पाहुणी हसत म्हणाली, "आया नेहमी म्हणतात, जरा आवर की थोडा वेळ." तिने हे तमिळमध्ये सांगितलं, पण शब्दन् शब्द माझे होते. माझे कान तापले. म्हटलं, सगळ्याच आया असं म्हणत असतील.

कार्यक्रम संपला. गाडीपर्यंत सोडायला मी गेले. मॅडम पुढे ड्रायव्हरशी बोलत होत्या. पाहुणी दार उघडून थांबली, माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "मामी, लेंकीवर कोपूं नका हां. पाणी मात्र प्यायला सांगा तिला. एकदां डॉक्टरला दाखवा, परवाइल्लै, घाबरूं नका, कांहीं नसतें बहुतेक."

जुनं, पोथीतल्यासारखं, तमिळ हेलातलं, पण मराठी!

"तुम्ही... तुम्हाला समजलं सगळं?"

"आमचें घर तंजावरकडचें. आजी घरांत हेंच बोलते, मला दुसरें बोलूं देत नाहीं," ती म्हणाली. "तुमची लेंक रडत होती, म्हणून कांहीं पुसलें नाहीं, घेऊन गेलें. तिथें सांगितलें तिला, मी पण असेंच करीत होतें."

लोकलमधल्या सगळ्या साड्या मला त्या क्षणी आठवल्या. भाजीवाला आठवला. न उठणारे पाहुणे आठवले. धरणी दुभंगावी आणि पोटात घ्यावी असं वाटलं, आणि त्याच वेळी तिचे पाय धरावेत असंही वाटलं. मी नुसते तिचे हात धरले. "तू होतीस म्हणून," एवढंच मला म्हणता आलं. 'तुम्ही'वरून 'तू'वर कधी आले, तेही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी लेकीला डॉक्टरांकडे नेलं. पाणी न प्यायल्यामुळे थोडं इन्फेक्शन झालं होतं, त्यामुळेच वारंवार जावं लागत होतं. गोळ्या दिल्या, भरपूर पाणी प्यायला सांगितलं, आणि धरून ठेवायचं नाही असं बजावलं. दुसरं काही नाही. माझा जीव भांड्यात पडला. पण अर्धाच, कारण ग्रुप बदलायचा अर्ज अजून तिच्या दप्तरात होता आणि शनिवार तोंडावर आला होता.

"मी बोलते सरांशी," मी म्हटलं.

"आई, प्लीज. तू काही बोलायचं नाहीस. तू बोललीस तर मला लॅबमध्ये तोंड दाखवता येणार नाही. शुक्रवारी प्रॅक्टिकल आहे. मी सांगेन सरांना. नाही जमलं तर मग अर्ज देईन."

मी गप्प बसले. हे वाक्य मी सहज लिहिलं, पण मला ओळखणाऱ्यांना यातले कष्ट कळतील. स्टाफरूममध्ये सर समोर बसून डबा खात होते, मला लोणचं हवं का विचारत होते, आणि मी 'नको सर, थँक्यू' यापलीकडे जिभेला हलू दिलं नाही.

शुक्रवारी त्यांच्या प्रॅक्टिकलच्या वेळी मला तास नव्हता. फिजिक्सची लॅब आमच्या स्टाफरूमच्या समोर, मधल्या मैदानापलीकडे, वरच्या मजल्यावर आहे. खिडकीपाशी उजेड बरा येतो म्हणून मी खुर्ची तिकडे ओढली आणि वह्या तपासायला घेतल्या. एकाही वहीत मी काय तपासलं ते सांगता येणार नाही. लॅबचं दार बंद होतं. बराच वेळ बंदच होतं. मी मनातल्या मनात म्हणत होते, बोल गं बाई, बोल. तिच्याऐवजी मलाच घाम फुटला होता. तीही आत माझ्यासारखी गप्प बसली असेल तर? मग उद्या अर्ज, आणि पुढच्या आठवड्यापासून डेबिट-क्रेडिट, आणि विमान कायमचं संपलं.

दार उघडलं. ती बाहेर आली. पांढरा लॅब कोट, बाह्या दुमडलेल्या. पळाली नाही. जिना उतरून मैदान ओलांडून ती बाथरूमकडे गेली, आपल्या घरातल्या घरात चालावं तशी. थोड्या वेळाने परत आली, जिना चढली, दार ढकलून आत गेली. मी श्वास सोडतेय तोच दार पुन्हा उघडलं आणि दुसरी मुलगी बाहेर आली. ती परत गेली, तर तिसरी. मग एक मुलगा. मग काही वेळ कुणीच नाही. आणि मग दार हळूच उघडून खुद्द सर बाहेर आले, इकडेतिकडे पाहिलं, आणि लगबगीने स्टाफच्या बाथरूमकडे निघाले. इतकी वर्षं डबल पीरियड कडी लावून घेणारा माणूस! मी वहीत तोंड खुपसून हसले. हसता हसता डोळे भरून आले आणि मग ते आवरलेही नाहीत. शेजारच्या तमिळच्या मिसनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, कुणीतरी निबंध फार छान लिहिलाय.

शाळा सुटल्यावर आम्ही दोघी चालत घरी निघालो. मी विचारणार नव्हते. गेटपर्यंत नाहीच विचारलं. गेटबाहेर पडल्यावर मात्र राहवलं नाही. "काय म्हणालीस सरांना?"

"काही नाही. म्हटलं, सर, मला मधे जावं लागतं."

"मग? ते काय म्हणाले?"

"स्विच बंद करून जा, म्हणाले."

"एवढंच?"

"एवढंच. मग मी स्विच बंद करून गेले, आल्यावर परत लावला. रीडिंग्ज पण बरोबर आली." आणि पुढे सहज, रस्त्याकडे बघत, "सोमवारी लेन्सचा प्रयोग आहे. मला आधीचं सगळं वाचून जायला पाहिजे."

सोमवारी! शनिवारचं नावही नाही. मी तिथेच, रिक्षा आणि सायकली चुकवत, तिला जवळ ओढलं.

"आई, सोड ना. सगळे बघतायत."

बघू देत म्हटलं, आणि सोडलं नाही.